नाक्तखेबोरेन, केस आणि नेपोलियनच्या माथी मारलेली गोष्ट

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलीचं लग्न नेदरलँड्समधल्या मुलाशी ठरलंय. घरचे त्याला 'केस' म्हणतात, पासपोर्टवर मात्र 'कॉर्नेलिस योहानेस मारिया' आहे आणि आडनाव नाक्तखेबोरेन. भाच्याने मोबाइलवर अर्थ शोधला तर 'नागवा जन्मलेला' असं निघालं, आणि तेव्हापासून घरात कुणाला हसू आवरत नाही. त्यात कुणीतरी भर घातली की नेपोलियनने आडनावांची सक्ती केली तेव्हा डच लोकांनी मुद्दाम चेष्टेची नावं लिहून दिली. हे खरं का, पुरुषाच्या नावात मारिया कशी, आणि लग्नानंतर मुलीने व पुढे नातवंडांनी काय लावायचं, हे तुम्हाला हवंय.

मी बावीस वर्षं उत्रेख्तला राहते. शपथबद्ध भाषांतरकार म्हणून डच जन्मदाखले, विवाहनोंदी आणि वारसाहक्काची कागदपत्रं रोज हाताखालून जातात. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी नेपोलियन. ही गोष्ट इथले पर्यटकांचे वाटाडेही सांगतात, आणि तिच्यातलं निम्मं खरं आहे. 1810 मध्ये नेपोलियनने हॉलंडचं राज्य फ्रान्सला जोडून टाकलं. 18 ऑगस्ट 1811 ला फर्मान निघालं की ज्यांना कायमचं आडनाव नाही त्यांनी नगरपालिकेत येऊन ते नोंदवावं. कुटुंबप्रमुखाने जायचं, आडनाव सांगायचं आणि मुलंनातवंडं कोण नि कुठे आहेत तेही लिहून द्यायचं. लोक काही धावत गेले नाहीत. 1813 मध्ये पुन्हा हुकूम काढावा लागला, आणि फ्रेंच निघून गेल्यावर 1825 मध्ये राजा पहिला विलेम यालाही तेच करावं लागलं. इथवर सगळं खरं.

खोटं आहे ते चेष्टेचं. हॉलंड, झीलंड, ब्राबांत या भागांत बहुतेक घरांना तोवर पिढ्यान्‌पिढ्या आडनावं होती. लिंबुर्खमध्ये तर फ्रेंच आधीच आले होते आणि तिथली जन्ममृत्यूची नोंदणी 1796 पासूनची आहे. 1811 च्या हुकमाची झळ लागली ती मुख्यतः उत्तरेकडच्या फ्रीसलंड, खोनिंगेन, ड्रेंते या प्रांतांना, पूर्वेकडच्या काही खेड्यांना आणि ज्यू कुटुंबांना. त्या वेळच्या नोंदवह्या चाळल्या तर विनोद शोधूनही सापडत नाही. कुणी बापाचं नाव दिलंय, कुणी गावाचं, कुणी धंद्याचं, आणि कितीतरी जणांनी आधीपासून चालत आलेलंच आडनाव पुन्हा एकदा लिहून दिलंय. नाक्तखेबोरेन हे त्याहून जुनं, 1811 च्या आधीपासून कागदोपत्री असलेलं नाव आहे. ते नेपोलियनला वाकुल्या दाखवायला घेतलं असेल तर कुणीतरी फारच दूरदृष्टीचा म्हणायचा!

मग अर्थ काय? मला सगळ्यांत पटणारा उलगडा जर्मन भाषेतून येतो. जर्मनमध्ये 'नाख' म्हणजे 'नंतर'. 'नाखगेबोरेन' म्हणजे नंतर जन्मलेला, बाप वारल्यावर जन्माला आलेला मुलगा. जर्मनीतून कामाधंद्यासाठी नेदरलँड्समध्ये येणाऱ्यांची रीघ शतकानुशतकं होती. इकडच्या लेखनिकाच्या कानाला 'नाख' परका वाटला, 'नाक्त' म्हणजे उघडा हा शब्द ओळखीचा होता, आणि त्याने तो लिहून टाकला. तेव्हा भाच्याला सांगा, हसण्यासारखं त्यात काही नाही; कुठल्यातरी विधवेच्या मुलाला गावाने मारलेली हाक आहे ती.

आणि माझ्या मते डच आडनावांकडे असंच बघावं. शब्दकोशात शब्दाचा अर्थ सापडतो, पण आडनाव म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी गावात, यान नावाच्या एका माणसाला दुसऱ्या यानपासून वेगळं काढण्यासाठी म्हटलेलं काहीतरी असतं. 'दे योंग' घ्या. हे देशातलं सगळ्यांत मोठं आडनाव, 2007 च्या मोजणीत सुमारे 84 हजार माणसं. अर्थ 'तरुण'. एका घरात किंवा गल्लीत एकाच नावाचे दोघे असले की धाकटा तो 'दे योंग'. पुढे तो म्हातारा झाला, मेला, नातवंडंही म्हातारी झाली, तरी सगळे 'तरुण'च. तिसऱ्या क्रमांकावरचं 'दे फ्रीस' म्हणजे फ्रीसलंडचा माणूस, आणि मुळात हे नाव बहुधा फ्रीसलंड सोडून दुसरीकडे गेलेल्याला पडणार. खुद्द फ्रीसलंडमध्ये सगळेच फ्रीस, तिथे त्या नावाने ओळख कुणाची पटणार? सपाट देशात 'फान देन बेर्ख' म्हणजे 'डोंगरावरचा' ही हजारो माणसं कुठून आली, असं मला नेहमी विचारतात. सगळं सपाट असतं तेव्हा पुरुषभर उंचीचा वाळूचा उंचवटाही पत्ता सांगायला पुरतो.

इथे फ्रेंच नावांची सवय असलेल्यांची एक गल्लत होते. डच 'दे'चा अर्थ 'चा' किंवा 'कडचा' असा होत नाही. ते नुसतं निश्चित उपपद आहे, इंग्रजीतल्या 'द'सारखं. 'दे बूर' म्हणजे शेतकरी, 'दे खोट' म्हणजे मोठा, थोरला. ठिकाण सांगायला 'फान' लागतं, आणि 'फान'मध्ये खानदानी असं काहीच नाही. जर्मन 'फॉन' सरदारघराण्याची खूण असते, म्हणून व्हिएन्नात बीथोव्हनलाही लोक उमराव समजत. त्याचे आजोबा आताच्या बेल्जियममधल्या मेखेलनचे. 1818 मध्ये पुतण्याच्या ताब्यावरून चाललेल्या खटल्यात त्याला कबूल करावं लागलं की आपलं 'फान' उमरावकीचं नाही, आणि खटला सरदारांच्या न्यायालयातून साध्या न्यायालयात गेला. आपल्या 'कर'सारखंच आहे ते. पेडणेकर म्हटलं म्हणून कुणी पेडण्याचा राजा होत नाही.

'फान देर' जलद बोलताना आक्रसतं आणि 'फेर' होतं. 'फान देर मेर', म्हणजे तळ्याकाठचा, याचा 'फेरमेर' झाला. आपण ज्याला चित्रकार व्हर्मीर म्हणतो तो. मोटारशर्यतीतल्या व्हर्स्टॅपनच्या नावाची सुरुवातही तीच. पूर्वेला गेलात तर 'तेन' आणि 'तेर' भेटतील: 'तेन ब्रिंक' म्हणजे गावच्या मोकळ्या हिरवळीपाशी राहणारा. सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहणारा लेव्हेनहूक तुमच्या शाळेच्या पुस्तकात होता ना? डेल्फ्टमध्ये सिंहद्वार नावाची वेस होती, तिच्या कोपऱ्यावरचं घर त्या कुटुंबाचं. 'लेव्हेन' म्हणजे सिंह, 'हूक' म्हणजे कोपरा. नुसता पोस्टाचा पत्ता.

पत्त्यावरून आठवलं. फ्रेंच अंमलापूर्वी शहरांत घरांना क्रमांक नव्हते. दर्शनी भिंतीवर कोरीव दगड किंवा दारावर पाटी असे: कोंबडा, सिंह, गुलाब, तारा. आम्स्टरडॅमच्या जुन्या गल्ल्यांत हे दगड अजून दिसतात. 'दे हान' म्हणजे कोंबडा, 'दे लेव' म्हणजे सिंह, अशी आडनावं बऱ्याचदा तिथली. 'कोनिंग' म्हणजे राजा, पण आडनावाच्या मूळपुरुषाने डोक्यावर मुकुट ठेवला असेल तर तो नाटकात, किंवा गावच्या नेमबाजांच्या मंडळात लाकडी पक्षी पाडून वर्षभरासाठी मिळवलेला.

धंद्याची आडनावं सोपी, म्हणून भरभर सांगते: बाकर भट्टीवाला, फिसर मासे पकडणारा, स्मित लोहार, म्युल्डर पिठाच्या चक्कीचा मालक, काउपर पिंपं बनवणारा, ब्राउवर बिअर गाळणारा. 'देकर' म्हणजे छपरं शाकारणारा. 'झेल्डेनरुस्त' म्हणजे 'क्वचितच विसावा'. हे नाव काही पवनचक्क्यांनाही आहे.

पूर्वेकडचा तुकडा मात्र मला फार आवडतो. त्वेंते आणि आखटरहूक या भागांत आडनाव माणसाचं नसून शेतवाडीचं असे. वाडी 'हेसेलिंक', म्हणून तिथे राहणारे सगळे हेसेलिंक. वाडी एकुलत्या लेकीकडे आली आणि बाहेरचा तरुण घरजावई होऊन आला, तर तो आपलं नाव सोडून वाडीचं नाव लावी, मुलंही तेच लावत. उद्या तोच दुसऱ्या वाडीवर गेला तर पुन्हा नाव बदले. तीनशे वर्षांपूर्वीची वंशावळ काढताना एकाच माणसाची तीन आडनावं सापडली की नवशिक्याला वाटतं लेखनिक चुकला. या '-इंक' शेवटाच्या आडनावावरून कुटुंब कुठल्या मातीतलं हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. तसंच फ्रीसलंडच्या '-स्त्रा' आणि '-मा'चं. 'स्त्रा' म्हणजे तिथे राहणारा: डाइकस्त्रा बंधाऱ्याजवळचा, हुकस्त्रा कोपऱ्यावरचा, झाइलस्त्रा पाणी सोडायच्या दाराजवळचा, टेर्पस्त्रा पुरापासून वाचायला रचलेल्या मातीच्या टेकाडावरचा. संगणकाच्या अभ्यासक्रमात सगळ्यांत जवळची वाट शोधायची डाइकस्त्राची पद्धत शिकवतात. तुमचा भाचा अभियंता असेल तर तिथे त्याला त्या बंधाऱ्याची आठवण करून द्या.

आता बापाचं नाव. आडनावं रुजण्याआधी, आणि रुजल्यावरही बराच काळ, मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागे. रेम्ब्रांट हार्मेन्सझोन फान राइन: स्वतःचं नाव, हार्मेनचा मुलगा, ऱ्हाइनकाठचा. मराठी माणसाला याची फोड करून सांगावी लागत नाही. यानचा मुलगा 'यान्सझोन', त्याचा झाला 'यान्सन', आणि तोच देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं आडनाव होऊन बसला. उत्तरेत यान्सन एका 'एस'ने लिहितात, दक्षिणेत लिंबुर्ख-ब्राबांतकडे दोन 'एस'ने. त्या एका अक्षरावरून मी निम्मा अंदाज बांधते. भौतिकशास्त्रातला हायगेन्स म्हणजे 'हाउख'चा, हाउख हे ह्यूगोचं डच रूप. त्याच नावाचा आणखी एक माणूस आपल्या दाराशी येऊन गेला आहे: यान हाउखेन फान लिन्सखोटेन, हाउखचा मुलगा यान, लिन्सखोटेन गावाकडचा. 1583 ते 1588 तो गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता, आणि परत जाऊन 1596 मध्ये त्याने छापलेल्या प्रवासवर्णनामुळे डच व्यापाऱ्यांना पूर्वेची वाट समजली. त्यानंतर काही दशकांतच वेंगुर्ल्याला डचांची वखार उभी राहिली. जुन्या मराठी कागदांत या लोकांना 'वलंदेज' म्हणतात. तेव्हा जावई वलंदेज आहे, असं सांगून आजीला चकित करायला हरकत नाही.

लेखनाचं एकच सांगते, कारण व्हिसाच्या अर्जात तेच नडतं. 1804 मध्ये डच शुद्धलेखनाचे नियम ठरले, पण आडनावं नोंदवहीत जशी पडली तशीच गोठली. काउपर हे एकच नाव चार-पाच तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं आणि प्रत्येक तऱ्हा कायद्याने वेगळं आडनाव आहे. एक अक्षर 'सुधारून' दिलेला दाखला परत येतो. आणि अर्जात 'फान', 'देर' यांसाठी स्वतंत्र छोटा रकाना असतो. नेदरलँड्समध्ये फान देन बेर्ख 'बी' या अक्षराखाली शोधायचे, बेल्जियममध्ये 'व्ही'खाली. तुमच्या व्याह्यांच्या आडनावात ही भानगड नाही, सुटलात.

आता जावयाचं नाव. 'केस' ऐकून मराठी कानाला डोक्यावरचे केस किंवा कोर्टातली केस आठवते. ते कॉर्नेलिसचं घरगुती रूप आहे. कॉर्नेलियस हे प्राचीन रोममधल्या एका कुळाचं नाव. तिसऱ्या शतकात त्या नावाचा पोप होऊन गेला, तो संत ठरला, म्हणून ते चर्चच्या वाटेने इकडे आलं. डच माणसाला बहुधा दोन नावं असतात: बाप्तिस्म्याचं भारदस्त, बऱ्याचदा लॅटिन वळणाचं, ते कागदावर, आणि हाक मारायचं, त्याला इथे 'रुपनाम' म्हणतात. योहानेसचा यान, हान्स किंवा योप होतो. याकोबसचा याप किंवा कोस, निकोलासचा क्लास, मातैसचा ताइस, आन्तोनियसचा टोन किंवा ट्योन. बायकांत एलिझाबेथची एल्स, बेप, लीस, कातारिनाची त्राइन्त्ये किंवा टोस, विल्हेल्मिनाची मीन. फुटबॉलचा योहान क्राउफ कागदोपत्री हेंड्रिक योहानेस होता. हाकेचं नाव कागदावरच्या नावाशी जुळलंच पाहिजे असा नियम नाही. मी एकदा एका वारसाच्या कागदात भावाचं नाव वेगळं म्हणून तीन दिवस अडून बसले होते. तो भाऊ आयुष्यभर हाकेच्याच नावाने सह्या करत आला होता.

मारिया म्हणजे कॅथलिक घराची खूण. दक्षिणेकडच्या कॅथलिक कुटुंबांत मुलाच्या नावाला शेवटी मारिया जोडून त्याला देवमातेच्या पदराखाली ठेवत. नाक्तखेबोरेन हे आडनाव मुख्यतः दक्षिण हॉलंडकडचं, तो भाग बराचसा प्रॉटेस्टंट. तेव्हा माझा तर्क असा की मारिया आईकडून आली असावी, कदाचित ब्राबांतकडून. विचारून बघा.

लॅटिन नावांच्या खालचा थर जर्मानिक आहे. तिथे दोन शब्द जोडून नाव होतं: विलेम म्हणजे इच्छा आणि शिरस्त्राण, खेरार्ड म्हणजे भाला आणि कणखर, डिर्क हे डीडेरिकचं आखूड रूप, म्हणजे लोक आणि सत्ता. हे दोन शब्द जोडून वाक्य करायला जाऊ नका. आईच्या नावातला एक तुकडा, बापाच्या नावातला एक, असंही नाव बने. अर्थ जुळलाच पाहिजे असं नव्हतं. 'विलेम म्हणजे इच्छेचं शिरस्त्राण' असलं काही छापलेलं दिसलं की मी पान उलटते.

नातवंडांकडे येऊ. इथे जुनी रीत अशी: पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं, पहिली मुलगी आईच्या आईचं, दुसरी बापाच्या आईचं. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव. चित्रकार फान खोख, आपण ज्याला व्हॅन गॉग म्हणतो, त्याच्या घरी हे सगळं दिसतं. आजोबा व्हिन्सेंट. 30 मार्च 1852 ला मृत जन्मलेल्या पहिल्या मुलाचं नाव व्हिन्सेंट. बरोबर एका वर्षाने, 30 मार्च 1853 ला, चित्रकाराचा जन्म झाला, तोही व्हिन्सेंट. धाकट्या तेओला वडिलांचं नाव, आणि तेओचा मुलगा 1890 मध्ये झाला तो पुन्हा व्हिन्सेंट विलेम. आता ही रीत सैल झाली आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या नावात आजीआजोबा अजून लपून बसलेले असतात.

कायद्याचं सरळ आहे. लग्नाने मुलीचं आडनाव बदलत नाही. जन्माचं तेच कायम राहतं. नवऱ्याचं वापरायचं असेल तर नगरपालिकेत तसं कळवायचं. मग नुसतं स्वतःचं, नुसतं त्याचं, किंवा दोन्ही मधे आडवी रेघ देऊन, हवं त्या क्रमाने लावता येतं. जन्माची नोंद तीन दिवसांत करावी लागते. 1 जानेवारी 2024 पासून मुलांना आईबापांची दोन्ही आडनावं जोडून देता येतात, मधे रेघ नाही, नुसती जागा. पहिल्या मुलासाठी जे ठरेल तेच पुढच्या भावंडांना लागतं, म्हणून आधीच बोलून घ्या. लग्न झालेल्या जोडप्याने काहीच निवडलं नाही तर वडिलांचं आडनाव लागतं. बापाचं नाव मधे ही आपली सोय इथे नाही. ते लिहिलंत तर बाळाचं दुसरं नाव म्हणून नोंदलं जातं. मुलीच्या कागदांतही तिच्या वडिलांचं नाव तिचं 'दुसरं नाव' होऊन बसेल, त्याला घाबरू नका, फक्त सगळीकडे सारखं ठेवा.

द हेगला फिरायला गेलात तर दारावरच्या पाट्या वाचा. सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची नावं दिसतील. 1873 पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातून मजुरीच्या करारावर गेलेल्यांची ही नातवंडं-पणतवंडं. बऱ्याच जणांचं एकच नाव होतं, ते डच कारकुनाने पुढे आडनाव करून टाकलं आणि डच पद्धतीने लिहिलं. इथे 'ओ' आणि 'ई' जोडून 'उ' होतो, 'डी' आणि 'जे' जोडून 'ज', म्हणून दुर्गा आणि सुखराम पाटीवर एकदम ओळखू येत नाहीत. मोठ्याने वाचले की येतात. त्याच सुरिनाममध्ये 1 जुलै 1863 ला गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेल्यांना आडनावं दिली गेली, पण मालकांची चालू आडनावं द्यायची नाहीत असं बंधन होतं. मग मालकाच्याच नावाचे तुकडे उलटेपालटे झाले: दे फ्रीसचं 'फ्रीसदे', विल्केन्सचं 'केन्सविल'. 1811 च्या फ्रीसलंडच्या शेतकऱ्याने निदान आपलं नाव स्वतः सांगितलं होतं.

अधिक खणायचं असेल तर हेगच्या वंशावळ केंद्राचा आडनावांचा संग्रह संगणकावर फुकट बघता येतो. त्यात 1947 च्या जनगणनेवर आणि 2007 च्या मोजणीवर बेतलेले नकाशे आहेत. आधी 1947 चा उघडा; तेव्हा माणसं आजच्यापेक्षा कमी हलली होती, आणि नाव कुठे दाटलंय ते रंगावरून कळतं. नावांचा तसाच संग्रह आम्स्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेने केला आहे. पण त्याआधी व्याह्यांकडे जुनी लग्नपुस्तिका आहे का ते विचारा, 'त्राउबुक्ये' म्हणतात तिला. लग्न आणि मुलांचे जन्म त्यात लागोपाठ लिहिलेले असतात. ती हातात घेऊन विहीणबाईंना एवढंच विचारा की कॉर्नेलिस कुणाचं नाव आणि योहानेस कुणाचं. चहा दोनदा करावा लागेल.